डाव्या डोळ्याचा पिवळा

मोदी नंबर तीनमध्ये मे महिन्याची दुपार.
कूलरच्या खसाला वास आहे, वारा नाही.
त्यांनी खिशातून आधी कांदा काढला, मग मोबाईल.
कांदा परत खिशात. "उन्हासाठी," म्हणाले,
जणू मी नागपूरची नाहीच.

वामन दुरुगकर. वीज मंडळात चौतीस वर्षं मीटर रीडर.
लोकांच्या जिन्याखाली वाकून
कोळ्याच्या जाळ्यामागचे आकडे वाचलेला माणूस.
"पोरीनं पुण्याहून येऊन सारं बदलवून देलं.
बटनच नाही ठेवलं एक.
म्हणे बाबा, बोट सरकवा.
मी सरकवतो अन् हा भलतीकडेच पळते."

मी नेव्हिगेशन उघडलं,
जेश्चर बंद केले, तीन बटनं आणली:
त्रिकोण, गोल, चौकोन.
त्यांनी तिन्ही दाबून पाहिली, कुलूप ओढून पाहतात तशी.
"मागे जायचं डावीकडे ठेव.
डाव्या हातात टॉर्च राहायची ना,
अंगठ्याला तिथलीच सवय हाये."
ठेवलं.

अक्षरं मोठी. अजून मोठी.
"शेवटपर्यंत ने," म्हणाले,
आणि 'सेटिंग्ज' हा शब्द मधेच मोडून
दोन ओळींत बसला.
स्क्रीन तीस सेकंदांत विझायची, ती दहा मिनिटांवर नेली.
काळी पाटी ठेवू का, डोळ्यांना बरी असते?
"नको बाप्पा. अंधारात लय काम केलं."

मग वॉलपेपर. बाईंचा फोटो.
बँकेचं चिन्ह कपाळावर, हवामान गालावर,
हनुवटीशी गॅस बुकिंग.
मी एकेक उचलून पुढच्या पानावर नेलं.
चेहरा मोकळा झाला. ते काही बोलले नाहीत.
टोपी काढून काउंटरवर ठेवली फक्त.

"हे पिवळं कमी होईन का?"
डोळ्यांच्या आरामाची सेटिंग पोरीनं
पार टोकाला नेऊन ठेवलेली,
सगळा मोबाईल हळदीला बसलेला.
मी ती बंद केली
आणि फोटोतली साडी पांढरी झाली.

त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला.
मग उजवा झाकला. पुन्हा डावा.
उजव्याचं ऑपरेशन महाशिवरात्रीनंतर झालं,
डाव्याचं दिवाळीला करू म्हणतात.
"याच्यानं पांढरी दिसते.
याच्यानं पिवळी."
हात खाली आला.

"इतवारीतून आणली होती तिनं.
मी म्हटलं, पिवळी पडली हाये,
जुना माल गळ्यात मारला तुह्या.
ती म्हणे पांढरी हाये.
मी दुकानात जाऊन भांडलो.
दुकानदारानं साडी उन्हात धरली,
म्हणे, पाहा काका.
मी पाह्यलं. मले पिवळीच दिसली.
चारचौघांत चोर म्हटलं त्याले.
तिनं नेसली एकदाच, या फोटोपुरती.
मंग पेटीत."

बाहेर कुणीतरी चार्जर मागत होतं.
मी "थांबा" म्हटलं.

चौतीस वर्षांत एक आकडा चुकीचा लिहिला नाही,
हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं.
आता पुन्हा सांगितलं नाही.

मी विचारलं, मधे कुठे ठेवू का सरकपट्टी?
दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसेल.
ते बराच वेळ पाहत राहिले,
स्क्रीन विझली नाही, दहा मिनिटं होती.

"नको," म्हणाले. "राहू दे अशीच.
डाव्याले पाहू दे त्याचं पिवळं
दिवाळीपर्यंत."

पैसे विचारले. मी वीस म्हटलं.
त्यांनी पन्नासची नोट दिली,
सुट्टे नीट मोजून घेतले,
टोपी घातली, कांदा चाचपला,
आणि उन्हात जाऊन दारातच उभे राहिले
मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून.
उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही,
मी आतून ओरडणार होते.
पण त्यांनी तो दोन्ही हातांनी
थोडा तिरपा केला,
त्या दुकानदारानं साडी धरली असेल तसा.